किराणा दुकानातलं बोलणं अभ्यासायचं आहे? मग आधी प्रश्नावली बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाषाशास्त्राच्या एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांशी कसे बोलतात यावर लघुप्रबंध लिहायचा आहे. 'उधार कसं मागता?', 'दुकानदाराला काय म्हणून हाक मारता?' अशा चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तिने तयार केली आहे. मुलाखती किती घ्याव्यात, आणि बोलण्याचा अभ्यास करणारे लोक प्रत्यक्षात करतात तरी काय, असं ती विचारते.

सध्या एकही मुलाखत घेऊ नका. प्रश्नावली जपून ठेवा, शेवटी तिचा उपयोग होईल. पण सुरुवात तिच्यापासून केलीत तर निम्मं वर्ष लोक स्वतःच्या बोलण्याबद्दल काय समजतात हे गोळा करण्यात जाईल, आणि ते बोलतात कसे हे हाती लागणारच नाही. इतकं ठामपणे सांगते, कारण माझे पहिले आठ महिने असेच गेले. मीही किराणा दुकानातूनच सुरुवात केली होती. दुकानदारांना विचारलं, उधार देता का? बहुतेकांनी गल्ल्यामागच्या पाटीकडे बोट दाखवलं: आज रोख, उद्या उधार. बायकांना विचारलं, उधार कसं मागता? त्या म्हणाल्या, 'मागायचं काय त्यात, सरळ सांगते लिहून ठेवा म्हणून.' वह्या भरल्या, तक्ते झाले. मग एका दुकानदाराने रेकॉर्डर ठेवू दिला आणि चार दिवसांचं बोलणं हाती आलं. त्या चार दिवसांत 'उधार' हा शब्द मला एकदाही ऐकू आला नाही. 'लिहून ठेवा' हेही गिऱ्हाइकाच्या तोंडून क्वचितच. आणि तरी दुकानदाराच्या लाल वहीत दिवसभर नोंदी होतच होत्या.

मग उधारी चालली होती कशी? त्यातला एक तुकडा खाली देते. कंसातले आकडे म्हणजे शांततेचे सेकंद. '::' म्हणजे आधीचा स्वर लांबवला आहे.

१ बाई: साखर एक किलो. (०.४) चहा पावशेर.
२ दुकानदार: कुठला?
३ बाई: नेहमीचाच.
(२.०) [पुडा काउंटरवर ठेवल्याचा आवाज]
४ बाई: दादा,
५ दुकानदार: हं.
(०.७)
६ बाई: ते:: पगार सोमवारी होणारे.
७ दुकानदार: बरं लिहितो मग.
८ बाई: हां. (०.३) आन् तेल पन द्या अर्धा किलो.

हा तुकडा मी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. आधी चौथी ओळ बघा. दोघं समोरासमोर उभे आहेत, बोलणं चालू आहे, दुकानदाराचं लक्षही तिच्याकडेच आहे. मग 'दादा' अशी हाक कशाला? सामानाची यादी सांगताना तिने हाक मारली नव्हती. या हाकेने ती पुढचं बोलणं यादीपासून वेगळं काढते. पाचव्या ओळीत तो 'हं' म्हणतो, म्हणजे हाकेला ओ देतो. ओ दिली की पुढचं ऐकून घेणं आलंच. त्यानंतर पाऊण सेकंदाची शांतता आणि लांबवलेलं 'ते'. मग ती जे बोलते त्यात मागणी कुठेच नाही. ती एक बातमी देते: पगार सोमवारी होणार आहे.

सातवी ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. तो 'मग?' असं विचारत नाही, 'हो का' असंही म्हणत नाही. 'बरं लिहितो मग' म्हणतो. मागणी तिच्या तोंडून बाहेर पडायच्या आधीच तो ती उचलतो आणि स्वतःची गोष्ट करून टाकतो. कागदावर बघाल तर तिने काही मागितलेलं नाही, त्याने आपणहून देऊ केलं आहे. आता माझ्या मुलाखती आठवा. 'मागायचं काय त्यात' म्हणणारी बाई खोटं बोलत नव्हती आणि पाटी दाखवणारा दुकानदारही नव्हता. जे घडलं ते दोघांनी मिळून दोन-अडीच सेकंदांत घडवलं होतं, आणि इतकी बारीक गोष्ट कुणाच्याही आठवणीत राहत नाही. म्हणून ती विचारून कळत नाही.

आठव्या ओळीतलं तेल तर मला बरेच दिवस दिसलंच नव्हतं. यादी तिसऱ्या ओळीलाच संपल्यासारखी वाटते. पण 'लिहितो' हे कानावर पडल्यावर तिने तेल मागितलं. त्या पिशवीतली सगळ्यात महाग वस्तू तीच होती. एकदा हे लक्षात आल्यावर मी इतर तुकडे पुन्हा काढले, आणि बऱ्याच ठिकाणी महागाची वस्तू 'लिहितो' नंतरच येत होती. आणखी एका तुकड्यात, दुसऱ्या बाईने असंच पगाराचं सांगितल्यावर दुकानदार 'हो का' म्हणाला आणि थांबला. जवळजवळ सेकंदभर कुणीच बोललं नाही. मग तीच म्हणाली, 'बरं, मग तेल सोमवारीच नेते.' नाही हा शब्द कुणी उच्चारला नाही. बातमी म्हणून आलेली गोष्ट त्याने फक्त बातमी म्हणूनच घेतली, आणि तिला ते पुरेसं कळलं.

बोलण्याचा अभ्यास करणारे लोक करतात ते हेच. प्रत्यक्ष घडलेलं बोलणं रेकॉर्ड करायचं, शक्य तितकं बारकाईने लिहून काढायचं, आणि दर वाक्याला विचारायचं: हे आत्ता, याच जागी का आलं, आणि समोरच्याने ते काय म्हणून घेतलं? यातला दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. 'पगार सोमवारी होणारे' ही मागणी होती, हे मी ठरवत नाही. ते सातव्या ओळीतून दुकानदाराने ठरवलं आहे. माझ्या मनातला अर्थ तपासायला पुढचं वाक्य हाताशी असतं. या पद्धतीवर माझा इतका विश्वास बसला तो यामुळेच.

या पद्धतीला संभाषण-विश्लेषण म्हणतात. ती कुठून आली तेही सांगते. हार्वे सॅक्स हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९६३-६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात काम करत होते. तिथे येणारे फोन टेप होत असत. फोन घेणारा आधी स्वतःचं नाव सांगून 'काय मदत करू?' असं म्हणे, आणि बहुतेक वेळा फोन करणाराही आपोआप आपलं नाव सांगे. एका फोनवर मात्र पलीकडचा माणूस म्हणाला, 'ऐकू येत नाही.' फोन घेणाऱ्याने नाव पुन्हा सांगितलं, त्या माणसाने ते उच्चारून खात्री करून घेतली आणि संभाषण पुढे सरकलं. नाव सांगण्याची त्याची जागा निघून गेली होती. सॅक्स यांना प्रश्न पडला की हा खरोखर ऐकू न येण्याचा प्रकार होता, की 'नाव सांगणार नाही' असं न म्हणता नाव न सांगण्याची ती एक रीत होती? १९६४ पासून त्यांनी दिलेली व्याख्यानं याच प्रश्नापासून सुरू होतात. १९७५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, ते मोटार अपघातात गेले. त्यांची व्याख्यानं गेल जेफरसन यांनी टेपवरून उतरवून संपादित केली. आज जगभर संभाषण लिहिण्यासाठी जी चिन्हं वापरतात तीही जेफरसन यांचीच. टाइपरायटरवर जी चिन्हं उपलब्ध होती त्यांतूनच त्यांनी ती घडवली.

या पद्धतीचा पाया घालणारे तिसरे म्हणजे इमॅन्युएल शेग्लॉफ. त्यांचं एक काम तुम्ही मुळातूनच वाचा, कारण अपवादाचं काय करायचं हे ते शिकवतं. पोलिसांकडे आलेल्या सुमारे ५०० फोनच्या टेपा त्यांच्याकडे होत्या. नियम साधा दिसत होता: फोन उचलणारा आधी बोलतो. पाचशेत एकच फोन असा निघाला की उचलणारा गप्प राहिला आणि फोन करणाराच 'हॅलो' म्हणाला. पाचशेत एक सोडून द्यायला कुणाची हरकत नव्हती. शेग्लॉफ यांनी सोडला नाही. त्या एकासाठी नियमच नव्याने मांडला: फोनची घंटा ही हाक आहे आणि उचलणाऱ्याचं पहिलं 'हॅलो' ही त्या हाकेला दिलेली ओ. ओ आली नाही म्हणून त्या माणसाने पुन्हा हाक मारली. १९६८ मध्ये हे छापून आलं. 'दादा', 'हं' हे मला दिसलं ते हे वाचलेलं होतं म्हणूनच. आपल्या भाषेत 'हाकेला ओ देणे' हे शब्द आधीपासूनच आहेत, त्यासाठी इंग्रजी संज्ञा उसनी आणायची गरज नाही. मराठीत लिहिणार असाल तर अशी घरची जोडी सापडते का ते आधी बघा.

आता तुमच्या कामाकडे वळू.

रेकॉर्डिंग चांगल्या मोबाइलवरही होतं. फाइल मात्र दाबून लहान केलेली नको, वेव्ह स्वरूपात घ्या. यंत्र सरळ पत्र्याच्या किंवा काचेच्या काउंटरवर ठेवलंत तर वजनं, डबे, नाणी यांचा दणका आवाजाच्या वर येतो. खाली चौघडी करून सुती फडकं ठेवा. दुसरं यंत्र थोडं लांब ठेवा, एक बंद पडलं तर दिवस वाया जात नाही. शेजारी पिठाची गिरणी असेल तर तिच्या वेळा विचारून घ्या. पंखा बंद करायला सांगू नका. ते त्यांचं दुकान आहे.

परवानगी मिळाली तर चित्रीकरण करा. नजर आणि हात नुसत्या आवाजात येत नाहीत, आणि दुकानात निम्मा व्यवहार बोटांनी होतो. ऐकणाऱ्याची नजर आपल्याकडे नाही हे दिसलं की बोलणारा वाक्य मध्येच तोडून पुन्हा सुरू करतो, हे चार्ल्स गुडविन यांनी १९८० च्या सुमारास चित्रफितींवरून दाखवलं. नुसता आवाज ऐकणाऱ्याला ती अडखळ वाटते. चित्र बघितलं की कळतं, तो नजर वळायची वाट बघत होता.

संमतीबद्दल इथे थोडं थांबते, कारण दुकानातली गोष्ट घरातल्यापेक्षा अवघड आहे. दुकानदाराने हो म्हटलं म्हणजे गिऱ्हाइकाने म्हटलं असं होत नाही. दारात मोठ्या मराठी अक्षरांत पाटी लावा, शिवाय प्रत्येकाला तोंडी सांगा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांची तोंडी संमती रेकॉर्डवरच घ्या. नको म्हणणाऱ्याचं बोलणं त्याच्यासमोर पुसा. आईने दुकानात पाठवलेलं लहान मूल असेल तर आईला विचारेपर्यंत तो भाग वापरू नका. आणि उधारी ही माणसाची अब्रू आहे हे विसरू नका. एका चर्चासत्रात मी असाच एक तुकडा ऐकवला होता. नाव बदललेलं होतं, गाव सांगितलं नव्हतं. चहाच्या वेळी एक जण जवळ येऊन म्हणाला, 'मॅडम, या आमच्या गल्लीतल्या काकू.' नाव बदललं तरी आवाज तोच होता. मी त्या बाईंकडे जाऊन सांगितलं, माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, चहा केला. त्यानंतर मी सभेत आवाज कधीही ऐकवत नाही, लिहून काढलेला कागदच दाखवते. फारच गरज पडली तर प्रात नावाच्या मोफत प्रणालीत आवाजाची पट्टी बदलून घेते.

टोपणनाव देताना तितक्याच अक्षरांचं द्या. सुनंदाची मंगला करा, सुनंदाची उषा करू नका. हाकेची लांबी बदलली की तिच्यापुढची शांतता आणि तिच्यावर चढलेलं दुसऱ्याचं बोलणं, दोन्ही चुकीचं दिसायला लागतं. आडनाव शक्यतो काढूनच टाका. आपल्याकडे आडनाव बदललं की वाचणाऱ्याच्या मनात जात आणि मुलूखही बदलतो.

मग लिहून काढणं. यालाच खरा वेळ लागतो. बारकाईने लिहायचं तर एका मिनिटाच्या बोलण्याला मला अजूनही तासभर लागतो, दोन-तीन जण एकदम बोलत असतील तर जास्त. हे काम दुसऱ्याला पैसे देऊन करून घेऊ नका, बोललेलं आपोआप लिहून देणाऱ्या यंत्रणेलाही देऊ नका. ती 'हं', 'आं', अर्धवट तुटलेले शब्द आणि शांतता कचरा समजून गाळते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. निमेगनच्या माक्स प्लांक संस्थेची इलान ही मोफत प्रणाली घ्या. देवनागरी तिच्यात नीट चालते, आणि प्रत्येकाच्या बोलण्याची पट्टी आवाजाखाली वेगळी लावता येते.

देवनागरीत लिहिताना काही अडचणी येतात, त्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाहीत. लांब स्वराचं चिन्ह म्हणजे ':' हे एकटं आलं तर विसर्गासारखं दिसतं, म्हणून मी ते कायम दोनदा देते. दोघांचं बोलणं एकमेकांवर चढलं की इंग्रजीत कंस एकाखाली एक लावतात. आपली अक्षरं सारख्या रुंदीची नसल्यामुळे ते कंस जुळत नाहीत, रकाने करावे लागतात. आणि शुद्धलेखन. हात आपोआप 'होणार आहे' लिहितो, कान मात्र 'होणारे' ऐकत असतो. कानाचं ऐका. पण इथे एक अन्याय हमखास होतो. खेड्यातली बाई 'पन' म्हणाली की आपण 'पन' लिहितो, आणि शिकलेला माणूस 'बगतो' म्हणाला तरी त्याचं 'बघतो' करून टाकतो. कागदावर एक अडाणी दिसते, दुसरा प्रमाण. नियम एकच ठेवा आणि तो स्वतःलाही लावा. मी माझ्याच रेकॉर्डिंगमधलं माझं बोलणं पहिल्यांदा असं लिहिलं तेव्हा 'करून र्‍हायले' पासून 'म्हंजे' पर्यंत सगळं त्यात होतं.

शांतता मोजा. अर्धा सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं, पण संभाषणात तो फार मोठा असतो. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांमधली हो-नाही प्रश्नांची उत्तरं तपासली. प्रश्न संपून उत्तर सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. डॅनिश लोक सर्वांत सावकाश आणि जपानी सर्वांत जलद, पण सगळेच त्या सरासरीच्या आसपास. आता एखादा शब्द मनात जुळवून तोंडातून काढायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर तयार करत असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, मग इतक्या लवकर अंदाज येतो कसा, असं विद्यार्थी विचारतात. जपानीतही ते शेवटीच येतं आणि तेच सर्वांत जलद आहेत. मराठीत नेमकं काय होतं, 'का' किंवा 'ना' यायच्या आधी ऐकणाऱ्याला कशावरून कळतं, हे तुमच्यासारख्या कुणीतरी मोजायला हवं आहे. होकार लवकर येतो, नकार उशिरा येतो, आणि उशीर झाला की विचारणाराच बहुधा माघार घेतो. 'उद्या येशील का?' नंतर पाऊण सेकंद गेला की विचारणारा स्वतःच म्हणतो, 'नाही, म्हणजे जमलं तर.'

विषय लहान घ्या. 'किराणा दुकानातलं संभाषण' हा विषय लघुप्रबंधात मावणार नाही. एकच गोष्ट धरा आणि तिचे सगळे नमुने जमवा. 'बरं' घ्या. 'दादा', 'शेठ', 'काका', 'भाऊ' या हाका कुठल्या जागी येतात एवढंच घ्या. न कळल्याचं 'आं?' घ्या. त्यावर तर मोठं काम झालेलं आहे: मार्क डिंगेमान्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषांतही हा शब्द जवळजवळ सारखाच असतो, आखूड, प्रश्नार्थक सुरात म्हटलेला. आपलं 'आं?' त्यात चपखल बसतं. पण आपल्याकडे 'काय?', 'म्हणजे?', 'काय म्हणालात?' हेही आहे. कुणाला 'आं?' चालतं आणि कुणाला 'काय म्हणालात?'च म्हणावं लागतं, हे दुकानात छान दिसेल. निरोप घेणंही सुरेख विषय आहे. फोनवर 'बाकी काय?' हा शब्दांनी प्रश्न असतो, पण त्यावर 'बाकी काही नाही' आलं की दोघांनाही कळतं, आता 'चला, ठेवते' म्हणायला हरकत नाही. आणि जाताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्हाला मध्ये मध्ये 'हूं' म्हणावं लागे. 'हूं' थांबलं की तिला कळायचं, पोर झोपलं, आणि गोष्ट तिथेच राहायची. ऐकणारा गप्प नसतो, तो बोलणं चालवत असतो, हे मला तिच्यामुळे वाचनाच्या फार आधी ठाऊक होतं. तुमच्या दुकानदाराचे सगळे 'हं' लिहून काढा, एकही गाळू नका.

हे सगळं करून उपयोग काय, असं मार्गदर्शक किंवा घरचे विचारतील. मी दवाखान्यांतलं उदाहरण देते. अमेरिकेत १९८४ मध्ये झालेल्या एका प्रसिद्ध पाहणीत असं आढळलं की रुग्ण तक्रार सांगायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलतात. पुढे २००७ मध्ये जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या एकाच प्रश्नातला एकच शब्द बदलून पाहिला. इंग्रजीत 'आणखी काही' विचारायला दोन शब्द आहेत, एक होकाराकडे झुकणारा आणि एक नकाराकडे. होकाराकडे झुकणारा शब्द वापरला तेव्हा रुग्णांच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, आणि तपासणीचा वेळ मात्र वाढला नाही. मराठीत हा झुकाव शेवटच्या 'ना'मध्ये असतो. 'बाकी काही नाही ना?' असं विचारलं की 'आहे' म्हणायला रुग्णाला डॉक्टरांच्या वाक्याविरुद्ध जावं लागतं. मी ज्या दवाखान्यात रेकॉर्डिंग केलं तिथे बायका मुख्य दुखणं उठता उठता, चप्पल घालताना सांगत. 'आणखी काय होतंय?' असं विचारून बघा, असं मी तिथल्या डॉक्टरांना सुचवलं. त्यांनी करून बघितलं. त्या आठवड्यात एक बाई बसल्या बसल्या बोलल्या, गेले दोन महिने अंगावरून जातंय म्हणून.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ यांचं काम तर आपल्या लोकांशीच जोडलेलं आहे. लंडनच्या एका मोठ्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात वाढायला नव्याने आलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका उद्धट आहेत अशी तक्रार होती. त्या बोलायच्या फार थोडं. टेप ऐकल्यावर कळलं, सगळा वाद एका शब्दाच्या शेवटी होता. मांसावर वाढायच्या रश्शाचं नाव घेताना इंग्रज बाई शेवटी आवाज चढवायची, म्हणजे 'वाढू का?' असं होई. आपल्या बायका आवाज खाली उतरवायच्या. आपल्याकडे ते अगदी नीट विचारणं असतं, पण तिथे ते 'हा रस्सा आहे, घ्यायचा तर घ्या' असं ऐकू येई. दोन्ही बाजूंना टेप ऐकवल्यावर वातावरण बदललं. याच गंपर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू पिढ्यानपिढ्या शेजारी नांदून त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्द बदलले की दुसरी भाषा होई. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी पुढे त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणला येऊन तिथल्या बोलीवर प्रबंध लिहिला, आणि मग त्या तिथेच राहिल्या. तुमच्या कामाला आपल्या मातीत वाट आहे, हे प्रस्तावनेत जरूर लिहा.

एका बाबतीत मी या शास्त्रातल्या कडक मंडळींशी सहमत नाही. ते म्हणतात, जात, लिंग, श्रीमंती यांची नावं आधी घेऊ नका, बोलणाऱ्यांनी बोलण्यात ती पुढे आणली असतील तरच घ्या. यात एक चांगली शिस्त आहे. 'ती बाई म्हणून अशी बोलली' हे लिहायला सोपं असतं, सिद्ध करायला कठीण. पण आपल्या गावात कुणाला काउंटरवर हात ठेवता येतो आणि कोण पायरीखाली उभं राहून बोलतं, हे आवाजाच्या फितीत येत नाही. ते तिथे असतंच. त्यामुळे रेकॉर्डर लावण्याआधी पंधरा दिवस नुसतं दुकानात बसा. सामान मोजू लागा, कोण कुणाचं पाहुणं आहे, कुणाचं खातं किती वर्षांचं आहे हे समजून घ्या. मग दावा मात्र फितीतल्या ओळीवर बोट ठेवूनच करा.

किती रेकॉर्डिंग पुरे? एम. ए.साठी पाच-सहा तास भरपूर झाले, त्यातला एखादा तास नीट लिहून काढलेला. हे सगळं झालं की मग प्रश्नावली बाहेर काढा. तिच्यातले प्रश्न चाळीसवरून चार-पाचवर येतील, आणि ते फितीत दिसलेल्या गोष्टींबद्दल असतील. दुकानदाराला त्याचा स्वतःचा तुकडा ऐकवून विचारा, इथे तुम्ही लगेच 'लिहितो' का म्हणालात? माझ्या दुकानदाराने आधी मान हलवली, मग पुन्हा लावायला सांगितलं, आणि म्हणाला, 'तिला तोंडानं म्हणायला लावायचं का?'

आणि एकटीने ऐकू नका. आठवड्यातून एकदा तीन-चार जणी बसा, संमती असेल असाच तुकडा घ्या, अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा नको. तो दहा-पंधरा वेळा लावा, प्रत्येकीने पाच मिनिटं गप्प बसून कागदावर लिहावं, मग बोलावं. तेल कुठल्या ओळीत आलं हे मला अशाच एका बैठकीत, भाषाशास्त्राशी काहीही संबंध नसलेल्या एका मैत्रिणीने दाखवलं. ती घरचा महिन्याचा किराणा भरते.